डॉक्टर काकांना सांगू की नको?

या वेळचं पत्र २१ वर्षांच्या एका मुलाचं आहे. मूळचा कऱ्हाडचा, पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, नऱ्ह्यात तीन मित्रांबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. त्याची खालची अक्कलदाढ आडवी आली आहे आणि ती पुढच्या शनिवारी काढायची ठरली आहे. डॉक्टर म्हणजे वडिलांचे शाळेपासूनचे मित्र. सदाशिव पेठेत त्यांचा दवाखाना आहे. तपासताना त्यांना पाच दातांना हिरडीलगत कीड दिसली. "गोड फार खातोस का रे? कोल्ड्रिंक?" असं त्यांनी विचारलं आणि हा "हो काका" म्हणून मोकळा झाला. फॉर्मवर तंबाखूपुढे त्याने "नाही" लिहिलं. खरी गोष्ट अशी, की दीड वर्षापासून तो दिवसभर व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, ओढतो, कधी मिंट, कधी मँगो. शिवाय आठवड्यातून तीन-चार रात्री मित्रांबरोबर गांजा, सिगारेटमधली तंबाखू मिसळून. आजोबा तंबाखूपायी गालाच्या कॅन्सरने गेले, म्हणून गुटख्याला त्याने कधी हात लावला नाही. "व्हेप म्हणजे वाफ, गांजा नैसर्गिक, दोनदा ब्रश करतो, हिरड्यांतून कधी रक्त येत नाही," असं तो लिहितो. त्याचे प्रश्न दोन. ही कीड याच्यामुळे लागली का? आणि काकांपुढे कबूल करू, की दोन दिवस सगळं बंद ठेवून गुपचूप दाढ काढून घेऊ? बाबांना कळलं तर ते शिक्षण बंद करून घरी बोलावतील, ही त्याची भीती आहे.

तुला "तू"च म्हणते. माझा मुलगा तुझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे आणि तुझं पत्र वाचताना सारखा तोच डोळ्यांसमोर येत होता.

शनिवार जवळ आलाय, म्हणून उत्तर आधी देते, कारणं मागून. सांग. आणि इंजेक्शन भरून तयार असताना सांगू नकोस, दोन-तीन दिवस आधी जाऊन किंवा फोन करून सांग. काकांना सांगणं अगदीच जमणार नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा, पण तिथे तरी सांग. जो तुझी दाढ काढणार आहे त्याला हे माहीत असलंच पाहिजे.

तुझ्या पत्रात "कबूल करू का" हे शब्द चार वेळा आलेत. मी पेन्सिलने खुणा केल्या. कबुली चोर देतो, तीही पोलिसांपुढे. दंतवैद्यापुढे तू देणार आहेस ती माहिती, "मला पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे" या जातीची. तुला लाज वाटते ती घरच्यांची, आणि काका घरच्यांपैकीच असल्यामुळे दवाखाना आणि घर यांची तुझ्या मनात सरमिसळ झाली आहे. ती कशी सोडवायची ते पुढे बोलू.

त्याआधी एक सांगते, म्हणजे तुझं ओझं थोडं हलकं होईल. काकांना बहुधा संशय आलेला आहे. मी २४ वर्षं पुण्यात दात तपासते आहे, त्यावरून सांगते. आमचा तो छोटा गोल आरसा असतो ना, तो गालाच्या आतल्या बाजूला टेकवून आम्ही गाल बाजूला करतो. ओल्या तोंडात तो अलगद सरकतो. कोरड्या तोंडात तो चिकटतो. सोडवताना आतली कातडी किंचित ओढली जाते, आणि आरसा धरलेल्या बोटांना ते लगेच कळतं. साठीपुढच्या, बीपीच्या किंवा इतर गोळ्या घेणाऱ्या माणसांच्या तोंडात हे नेहमीचं. २१ वर्षांच्या मुलाच्या तोंडात आरसा चिकटला की माझा हात थांबतो. मग मी हवेच्या फवाऱ्याने दात कोरडे करून हिरडीच्या कडेने बघत जाते. तिथे खडूसारखी पांढरी, मंद पट्टी दिसते. ती म्हणजे दाताच्या कवचातली खनिजं निघून जायला लागल्याची खूण. गोड खाणाऱ्या मुलांची कीड सहसा दाढांच्या खाचांत किंवा दोन दातांच्या मध्ये लपते. समोरच्या गुळगुळीत भागावर, हिरडीला लागून, एकदम पाच दातांना? अशा वेळी मी पहिला प्रश्न लाळेबद्दल विचारते.

आता तुझा पहिला प्रश्न. कीड याच्यामुळे का? बऱ्याच अंशी हो. कशी, ते नीट समजून घे, कारण तुझ्या फ्लॅटवरच्या बाकी तिघांनाही ते लागू आहे.

लाळेला आपण किंमत देत नाही. दिवसभरात साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती तोंड धुते, आम्ल मारते आणि दाताला कॅल्शियम-फॉस्फेट परत देते. काहीही गोड खाल्लं की जंतू त्याचं आम्ल करतात. तोंडातला पीएच (हा आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त) साडेपाचच्या खाली गेला की कवच विरघळायला लागतं. लाळ असेल तर अर्ध्या-पाऊण तासात तोंड पूर्ववत होतं. नसेल तर आम्ल तिथेच बसून राहतं. गांजातला टीएचसी हा घटक मेंदूत ज्या प्रकारच्या जागी जाऊन चिकटतो, तशाच जागा लाळग्रंथींमध्येही असतात. तिथे तो पोचला की लाळेचा नळ बारीक होतो. गांजा ओढणारी मुलं ज्याला "घसा सुकला" म्हणतात ते हेच.

त्यात वेळ कुठली? रात्रीची. झोपेत लाळ तशीही खूप कमी होते. तू लिहिलंयस, ओढल्यावर दीड-दोन वाजता भूक लागते, मग मॅगी, क्रीम रोल, एकदा तर श्रूजबेरीचा अख्खा पुडा चौघांत संपला. आणि मग तसेच झोपलात. रात्रीचा ब्रश तू करतोस, पण दहा वाजता, म्हणजे या सगळ्याच्या आधी. ब्रश दोनदा होतोय, बाळा, पण त्यातला एक उपयोगाचा नाही.

व्हेपचं गणित वेगळं आहे. त्या द्रवात मुख्यतः प्रॉपिलिन ग्लायकॉल आणि ग्लिसरिन असतं, वर चव आणि बहुतेक वेळा निकोटिन. प्रॉपिलिन ग्लायकॉल पाणी ओढून घेतं, म्हणून प्रत्येक झुरक्याबरोबर तोंड थोडं आणखी कोरडं होतं. ग्लिसरिन गोडसर आणि चिकट. जंतू त्याचं साखरेसारखं आम्ल करत नाहीत हे खरं, पण चवीच्या रसायनांबरोबर ते दातावर एक बुळबुळीत थर सोडतं आणि त्या थरावर कीड लावणारे जंतू छान बसतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगशाळेतल्या अभ्यासात ग्लिसरिन आणि गोड चव एकत्र असताना दाताच्या कवचाला चिकटणारे जंतू चौपट झाले आणि कवचाचा कडकपणा २७ टक्क्यांनी घटला. प्रयोगशाळा म्हणजे तोंड नव्हे, हे मलाही कळतं. पण २०२२ मध्ये अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या दंतमहाविद्यालयाने आपल्या १३,००० वर रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा व्हेप घेणाऱ्यांपैकी ७९ टक्के लोक कीड लागण्याच्या जास्त धोक्याच्या गटात निघाले आणि न घेणाऱ्यांपैकी ६० टक्के. व्हेप घेणारे त्यात शंभराच्या आत होते, त्यामुळे एवढ्यावर मी शिक्का मारणार नाही. तरी दवाखान्यात रोज दिसतं त्याच्याशी ते जुळतं. आणि सिगारेट संपते तरी. व्हेप संपत नाही. अभ्यास करताना, रिक्षात, अंथरुणात, दर पाच मिनिटांनी एक झुरका, म्हणजे तोंडाला सावरायला दिवसभरात उसंतच नाही.

हिरड्यांतून रक्त येत नाही, हे तू आनंदाने लिहिलंस. मला काळजी नेमकी तिथेच वाटली. निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आखडून टाकतं. हिरडी सुजलेली, आजारी असली तरी तिच्यातून रक्त येत नाही आणि ती वरून फिकट, घट्ट, बरी दिसते. रक्त ही शरीराची हाक असते. निकोटिन त्या हाकेचं तोंड दाबतं. खाली हाड झिजत राहतं आणि माणसाला पत्ता लागतो तो दात हलायला लागल्यावर. म्हणून काकांना सांग, हिरड्यांचे खिसे मोजा. खुणा केलेली एक बारीक सळई असते, ती हिरडी आणि दात यांच्या फटीत घालून खोली मोजतात. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक. पाच-सहा निघालं तर तिथे आतून साफसफाई लागेल.

गांजाचा हिरड्यांशी संबंध न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरातल्या अभ्यासाने चांगला दाखवला आहे. १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या हजारभर मुलांचा तिथे आजपर्यंत पाठपुरावा चालू आहे. ती मंडळी ३२ वर्षांची झाली तेव्हा त्यांच्या हिरड्या तपासल्या. सर्वांत जास्त गांजा ओढणाऱ्यांमध्ये हिरडीची दातावरची पकड सुटण्याचा धोका कधीच न ओढणाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट निघाला, आणि तोही सिगारेटचा परिणाम हिशेबातून वेगळा काढल्यावर. २००८ मध्ये हे प्रसिद्ध झालं. ३२ म्हणजे काही म्हातारपण नव्हे. तुला तिथे पोचायला ११ वर्षं आहेत.

राहिला "नैसर्गिक" हा शब्द. तंबाखू हीसुद्धा झाडाचीच पानं आहेत. आजोबांनी चुन्याबरोबर मळून गालात धरली ती त्या झाडाचीच. तू गुटखा टाळलास हे मनापासून चांगलं केलंस. आमच्याकडे बावीस-तेवीस वर्षांची मुलं येतात ज्यांच्या तोंडात तीन बोटं उभी जात नाहीत, तो आजार तुला होणार नाही. पण तुझ्या जॉइंटमध्ये, म्हणजे त्या गांजाच्या सिगारेटमध्ये, अर्धी तंबाखू आहे आणि तुझ्या व्हेपमध्ये बहुधा निकोटिन. म्हणजे आजोबांची तंबाखू दारातून आली, तुझी खिडकीतून आली. कॅन्सरचं विचारलं नाहीस, तरी पत्रभर तो प्रश्न दबा धरून बसलेला मला दिसतो. फक्त गांजाने तोंडाचा कॅन्सर होतो का, यावर संशोधकांचं एकमत झालेलं नाही. धूर मात्र जळणाऱ्या पानांचाच असतो, आणि तंबाखूबद्दल तर कुठलीच शंका उरलेली नाही. महिन्यातून एकदा चांगल्या उजेडात गालांची आतली बाजू, जिभेच्या कडा आणि टाळू बघत जा. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली तर वाट न बघता दाखव.

आता शनिवार. "दोन दिवस बंद ठेवलं की झालं" असं तुला वाटतं, त्यातलं अर्धं बरोबर आहे. भुलीच्या इंजेक्शनमध्ये बहुतेक वेळा थोडं अ‍ॅड्रेनलिन असतं, म्हणजे भूल जास्त वेळ टिकते आणि रक्तस्राव कमी होतो. गांजाने हृदयाचे ठोके आधीच वाढलेले असतात. त्यावर हे अ‍ॅड्रेनलिन आणि वर दाढ काढण्याची भीती, अशाने छातीत धडधडून घाबरे झालेले रुग्ण मी पाहिले आहेत. म्हणून माझ्याकडे असा रुग्ण असेल तर मी आधीचे तीन दिवस गांजा पूर्ण बंद ठेवायला सांगते. शेवटचा कधी ओढला हे खरं सांगायला सांगते, आणि त्याच दिवशी ओढून आला असेल तर राग न धरता पुढची तारीख देते. व्हेपही आदल्या दिवसापासून नको.

उरलेलं अर्धं दाढ काढल्यानंतरचं आहे, आणि तुझ्या बेतात त्याचा विचारच नाही. दाढ निघाली की त्या खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते. ती गुठळी म्हणजे जखमेचं झाकण. झुरका घेताना तोंडात जी ओढ तयार होते तिने ती निसटते, आणि निकोटिन रक्तपुरवठा कमी करून तिला धड बसूही देत नाही. गुठळी गेली की हाड उघडं पडतं. याला ड्राय सॉकेट म्हणतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत माणूस म्हणतो, ठीक आहे, आणि मग ठणका सुरू होतो, कानापर्यंत, कानशिलापर्यंत. साध्या गोळ्यांना तो दाद देत नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगी आली होती, तुझ्याच वयाची. दाढ दुसरीकडे काढलेली. चौथ्या दिवशी सकाळी साडेआठला, मी शटर उघडायच्या आधी ती पायरीवर बसून होती, गालाला ओढणी धरून. खड्डा रिकामा, तळाशी करड्या रंगाचं हाड दिसत होतं आणि वास येत होता. मी धुऊन लवंगेच्या तेलाची औषधपट्टी आत ठेवली. दहा मिनिटांत तिचा चेहरा सैल पडला आणि मग तिने सांगितलं, दुसऱ्या दिवशी रात्री "फक्त दोन झुरके" व्हेप घेतला होता. तिच्या डॉक्टरांनी सिगारेट ओढू नका असं सांगितलं होतं. तिने ती ओढली नव्हती. व्हेपबद्दल कोणी काही बोललं नव्हतं आणि तिनेही विचारलं नव्हतं. त्या दिवसापासून माझ्या सूचनांच्या कागदावर व्हेप हा शब्द वेगळा लिहिलेला आहे. तुझ्यासाठी हिशेब असा: पहिले तीन दिवस काहीही ओढायचं नाही, स्ट्रॉसुद्धा नाही, आणि शक्य तर दहा दिवस. काकांना माहीत असेल तर ते गरजेप्रमाणे जास्त टाके घालतील, खड्ड्यात औषध ठेवतील, तिसऱ्या दिवशी बोलावतील. माहीत नसेल तर ते २१ वर्षांच्या निर्व्यसनी मुलाची दाढ काढतील.

आता सगळ्यांत अवघड गोष्ट, काका आणि बाबा.

तू सज्ञान आहेस. रुग्णाने विश्वासाने सांगितलेलं बाहेर जाऊ न देण्याचं बंधन दंतवैद्यांच्या आचारसंहितेत आहे आणि मैत्रीमुळे ते सैल होत नाही. दंतवैद्य पोलिसांकडे जाईल ही भीती काढून टाक. गांजा बाळगणं आणि ओढणं १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हे तुला ठाऊक असायलाच हवं, पण त्याच कायद्यात स्वतःहून उपचार घ्यायला जाणाऱ्या व्यसनी माणसाला संरक्षणाची तरतूदही आहे. व्हेपची विक्री, साठवण, आयात, जाहिरात २०१९ पासून देशभर बंद आहे. याचा एक अर्थ फार कमी मुलांच्या लक्षात येतो. तुमच्या हातात येतं ते सगळं चोरवाटेने आलेलं असतं आणि पाकिटावर लिहिलेलं खरं आहे का, हे तपासणारं कोणी नसतं. "निकोटिन नाही" असं छापलेलं असलं तरी त्यावर विसंबू नकोस. २०१९-२० मध्ये अमेरिकेत व्हेपमुळे फुप्फुसं निकामी होऊन २,८०० च्या वर लोक रुग्णालयात गेले आणि ६८ दगावले. त्यातल्या बहुतेकांनी टीएचसी असलेला, इकडून-तिकडून मिळवलेला माल ओढला होता.

नियम कागदावर असतात आणि मैत्री चहाच्या टपरीवर, हे मला मान्य आहे. म्हणून काकांना सांगताना आधी अट घाल. "काका, एक गोष्ट सांगायची आहे, ती तुमच्या उपचारांसाठी आहे, बाबांपर्यंत जाऊ नये अशी विनंती आहे. चालेल का?" आणि उत्तराची वाट बघ. ते "सांग" म्हणाले तर सांग: काय, किती वेळा, कधीपासून, शेवटचं कधी. चार वाक्यांत होतं. ते चाचरले, "अरे पण तुझे बाबा..." असं काही म्हणाले, तर तिथेच थांब. "मग राहू दे" म्हण आणि दाढ दुसरीकडे काढ. पुण्यात त्याची काही ददात नाही. धनकवडीतलं भारती विद्यापीठ, कॅम्पातलं रंगूनवाला, वडगावचं सिंहगड, या दंतमहाविद्यालयांच्या ओपीडीत खासगी दवाखान्यापेक्षा कमी खर्चात दाढ निघते. वडगाव तर तुला जवळच. रांगेत वेळ जाईल, पण तिथे तुझ्या बाबांना कोणी ओळखत नाही.

आणखी एक वाट आहे, तीही बोलून टाकते. बाबांना तू स्वतः सांगणं. आत्ता, या आठवड्यात नको. दाढेच्या दुखण्यात एवढं मोठं बोलणं नीट होणार नाही. पण ज्या माणसाने आपल्या वडिलांना गालाच्या कॅन्सरने जाताना पाहिलं, त्याला मुलाने "मी सोडतोय, मला मदत करा" असं म्हटलं तर तो फक्त रागावेल असं तू गृहीत धरलंयस. रागावतील, हो. पहिला तास वाईट जाईल. "शिक्षण बंद" हे त्यांनी कधी म्हटलंय का, की तूच त्यांच्या तोंडी घातलंस? यावर एकदा विचार कर. सोडून महिनाभर झाल्यावर सांगणं अनेक मुलांना सोपं गेलेलं मी पाहिलंय. आईला आधी सांगितलं तर आणखी सोपं.

सोडण्याबद्दल तू विचारलेलं नाहीस, पण दाढ काढायची म्हणून दहा दिवस तसेही बंद ठेवायचे आहेत, तर ते दहा दिवस वाया घालवू नकोस. पहिल्या एक-दोन दिवसांत चिडचिड होईल, झोप लागणार नाही, जेवण जाणार नाही. गांजाचा हा त्रास पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त असतो आणि दोनेक आठवड्यांत उतरतो. निकोटिनची तलफ आली की ती काही मिनिटांची असते. उठून गॅलरीत जा, पाणी पी, कोणाला तरी फोन कर, तेवढ्यात ती जाते. निकोटिनचं च्युइंगम औषधाच्या दुकानात मिळतं, पण जखम भरेपर्यंत काकांना विचारल्याशिवाय नको. नंतर घेतलंस तर साध्या च्युइंगमसारखं सतत चघळू नकोस. चार वेळा चावून गालात धरून ठेवायचं. आणि ऐक, सोडल्यावर काही आठवडे ब्रश करताना हिरड्यांतून रक्त यायला लागेल. तेव्हा घाबरून "आधीच बरं होतं" असं म्हणू नकोस. दाबलेली हाक परत ऐकू यायला लागली, एवढाच त्याचा अर्थ. ब्रश थांबवायचा नाही.

फ्लॅटवर तिघं ओढत असताना एकट्याने सोडणं कठीण, हे मी जाणते. तंबाखू-निकोटिनसाठी १८००-११-२३५६ ही मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, अमली पदार्थांसाठी १४४४६, आणि मन फारच खचलं तर टेलिमानसचा १४४१६. नाव विचारलं तर पहिलं नाव पुरे. समोरासमोर बोलायचं असेल तर येरवड्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये ते सुरू केलं. तिथे जाणं म्हणजे दाखल होणं असा अनेकांचा समज असतो. आधी फोन करून फक्त सल्ल्यासाठीही विचारता येतं.

दातांचं थोडक्यात. खडूसारख्या पट्ट्यांपैकी जिथे अजून खड्डा पडलेला नाही, तिथलं कवच परत कडक होऊ शकतं, ही खरंच चांगली बातमी आहे. काकांकडून फ्लोराइडचं वार्निश लावून घे आणि ते दर तीन-चार महिन्यांनी परत लाव. टूथपेस्टच्या ट्यूबवर फ्लोराइड लिहिलंय का बघ. आयुर्वेदिक म्हणून खपणाऱ्या बऱ्याच पेस्टमध्ये ते नसतं. ब्रश झोपायच्या अगदी आधी, त्यानंतर तोंडात पाण्याशिवाय काही नाही, आणि पेस्ट थुंकल्यावर खळखळून चूळ भरायची नाही, ती थोडी दातांवर राहू दे. दिवसा पाण्याची बाटली जवळ ठेव. जखम भरल्यावर साखर नसलेलं च्युइंगम चघळलंस तर लाळ वाढते. एनर्जी ड्रिंकने घसा ओला करू नकोस, ते आम्ल आणि साखर दोन्ही आहे.

हे वाचणाऱ्या आई-बाबांना एवढंच सांगते. मुलाला दंतवैद्याकडे नेलंत आणि डॉक्टर म्हणाले, "तुम्ही पाच मिनिटं बाहेर बसता का," तर बसा. दार बंद झालं म्हणून काळजात धस्स होतं, मीही आई आहे. पण त्या पाच मिनिटांत तुमचं मूल जे सांगतं ते तुमच्यासमोर सांगितलं नसतं. आणि माझ्या व्यवसायातल्या मंडळींना एक विनंती. आपल्या फॉर्मवर अजून "तंबाखू / दारू" एवढंच छापलेलं असतं. या मुलाने "नाही" लिहिलं तेव्हा तो पूर्ण खोटं बोलला असं मला वाटत नाही. व्हेप म्हणजे तंबाखू, असं त्याच्या पिढीला वाटतच नाही. व्हेप वेगळं छापा, गांजा वेगळा छापा, आणि "शेवटचं कधी" ही ओळ ठेवा.

शनिवारी जाताना पोटभर नाश्ता करून जा, रिकाम्या पोटी भूल घेऊ नकोस. बरोबर एका मित्राला ने, शक्यतो जो त्या रात्री फ्लॅटवर खिडकी उघडी ठेवेल आणि स्वतः बाहेर जाऊन ओढेल अशाला. घरी आल्यावर आइस्क्रीम चमच्याने, मऊ भात, गार ताक. पहिले २४ तास चूळ नाही, दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाचं पाणी हलकेच तोंडात फिरवायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठणका वाढला तर गोळ्या वाढवत बसू नकोस, थेट दवाखान्यात जा.

टाके काढायला सात-आठ दिवसांनी जाशील, तेव्हा त्या पाच दातांसाठी वेगळी तारीख घेऊन ये. आणि काकांना विचार, आरसा गालाला अजून चिकटतोय का.